एकही नवा ओरखडा नको

"धुळीवरच प्लास्टिकची फिल्म चिकटवताय, वहिनी?" गॅरेजचा मिस्त्री म्हणाला. "खालची धूळ रंगाला पॉलिशपेपरसारखी घासेल. बाकी सगळा ट्रक धुऊन, मेण लावून आरसा केलात, आणि चालकाच्या बाजूचं दार तेवढं चिखलाने माखलेलं?"

"कडेने स्पंजच्या पट्ट्या लावल्यात. फिल्म दाराला टेकतच नाही."

"पण धुतलं का नाही?"

"पाणी संपलं."

तिच्या मागे नळ ठिबकत होता. मिस्त्रीने नळाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तो आत गेला आणि जाड पांढऱ्या फिल्मचा रोल घेऊन आला.

"जंगलातून जायचं तर एका थराने भागायचं नाही," एवढंच म्हणाला.

तिचा नवरा अठरा दिवस कोठडीत होता. वळणावर त्याचा हाच ट्रक रस्ता सोडून टपरीवर आदळला होता आणि टपरीतला म्हातारा जायबंदी झाला होता. ड्रायव्हरला डुलकी लागली, असं कागदावर आलं. पुढचा चेपलेला बंपर बघून पोलिसांनी ट्रक परत दिला. नवरा एकच वाक्य घोकत होता, "मी झोपलो नव्हतो." उद्या कोर्टात तारीख होती.

आणि आज चारच्या आत ट्रक शहरात पोचायला हवा होता. तिथल्या माणसाने फोनवर दोनदा बजावलं होतं, "आणखी एकही नवा ओरखडा नको. नाहीतर मला त्या गाडीचा काही उपयोग नाही."

"विकतेय," असं तिने गावभर सांगितलं होतं. सासूने कपाळाला हात लावला. "नवरा आत, आणि ही गाडीला पावडर फासतेय!" ती बॉनेटला मेण घासत राहिली. चार वर्षांच्या लेकीला मात्र घरी ठेवायचा धीर तिला होईना. तिला सोबत घेतलं, क्लीनरच्या बाजूने चढली आणि सरकत सरकत स्टिअरिंगमागे जाऊन बसली.

मोठ्या रस्त्यावरचा पूल दुरुस्तीसाठी बंद होता. उरली ती दगडखाणीची जंगलवाट. त्या वाटेवर फाटक होतं आणि फाटकापाशी खाणीचे मालक स्वतः उभे होते, नव्या रंगाने लखलखणाऱ्या काळ्या जीपला टेकून.

"आई, जीप काळी झाली!" लेक ओरडली.

तिने झटकन लेकीच्या तोंडावर हात ठेवला. "मोठी माणसं बोलताना मध्ये बोलू नये."

"बोलू दे की," मालक हसले. "उन्हाने काळी पडली बेटा, तुझ्या बाबासारखी." मग तिच्याकडे वळून म्हणाले, "ट्रक विकतेस म्हणे. शहाणी आहेस. घेणारा आधी रंग काढायला लावेल बघ."

"त्याचं तो बघेल. फाटक उघडा, साहेब."

"हा रस्ता माझा आहे, पोरी."

"रस्ता तुमचा, गाडी माझी. आडवी लावू का इथेच? तुमचे डंपर दिवसभर मोजत बसा मग."

वॉचमनला हसू फुटलं, ते त्याने खोकल्यात दडवलं. मालक ट्रकभोवती सावकाश फिरले. चालकाच्या दाराशी थांबले. "स्वतःच्याच दाराला पट्ट्या मारून बसलीस? आत काय सोनं लपवलंय?" त्यांनी नखाने फिल्मची कड उचकटली.

तिने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"उचकटू नका. धूळ आत गेली की रंगाची वाट लागते. गॅरेजच्या मिस्त्रीलाच विचारा."

"तो रंगातला दर्दी आहे खरा. ही जीप त्यानेच केली." मालकांनी अंगठ्याने कड दाबून पुन्हा नीट चिकटवली, वर दोन थापा मारल्या. "जा. आणि सांभाळून ने. बाईमाणसाला ही वाट झेपत नाही."

"झेपली नाही तर उतरून गाडी डोक्यावर घेईन."

फाटक उघडलं.

वाट म्हणजे दोन चाकोऱ्या आणि दोन्ही अंगांनी काटेरी झुडपं. आरसे तिने आधीच मिटून घेतले होते. फांदी खाली आली की ती थांबे, उतरे, दोरीने फांदी मागे बांधे आणि पुन्हा चढे. लेकीला तीनदा सांगितलं, हात बाहेर काढू नकोस. चौथ्यांदा तिची काच वर केली. मग एक वळण आलं. एका बाजूला वाळलेलं काटेरी झाड वाकलेलं, दुसऱ्या बाजूला खडक, दोरी बांधायला जागा नाही. एक अंग देणं भाग होतं. तिने स्टिअरिंग फिरवलं आणि धुतलेली, मेण लावलेली क्लीनरची बाजू काट्यांना दिली. कर्रर्र आवाज पार शेवटापर्यंत गेला.

"आई, गाडी रडतेय!"

"रडू दे," ती म्हणाली. "आपण नाही रडायचं."

चाराला दहा कमी असताना ट्रक शहरातल्या सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेच्या उंच भिंतींच्या आवारात शिरला. चष्मेवाला माणूस घड्याळ बघत उभा होता. कॅमेरा घेतलेला हवालदार शेजारी. त्या माणसाने चकाकत्या बॉनेटकडे ढुंकूनही पाहिलं नाही. काट्यांनी ओरबाडलेल्या बाजूकडेही नाही. तो सरळ चालकाच्या दाराशी गेला.

"धुतलं नाही ना?"

"पाण्याचा थेंब लागू दिला नाही."

त्याने रबरी हातमोजे चढवले आणि ब्लेडने फिल्मचे दोन्ही थर कापून काढले. वाळलेल्या चिखलाखाली हातभर लांब, आडवा, खोल ओरखडा होता. त्यातून त्याने चिमट्याने नखाएवढा कपचा उचलला आणि पांढऱ्या कागदावर ठेवला.

"ट्रक निळा आहे," तो लिहिता लिहिता म्हणाला. "हा रंग लाल."

"साहेबांची जीप लाल होती," लेक म्हणाली.

या वेळी आईने तिच्या तोंडावर हात ठेवला नाही.