तिसऱ्या पानावरची बाई

“ही रेवती कोण?” कुलदीपनं वही निकितापुढं आपटली.

निकिता शेंगा सोलत होती. तिनं वहीकडं बघितलं आणि पुन्हा शेंगांत हात घातला.

“कुणी न्हाई. मीच हाय ती.”

पहिल्या पानावर तिच्याच अक्षरात होतं : रेवती, वय सव्वीस, मुंबई, स्वतःची चारचाकी. दुसऱ्या पानावर एक एक्केचाळीस वर्षांची बाई होती, दोन कुत्री पाळणारी आणि वर्षातून चारदा विमानानं फिरणारी. या दोघींवर फुल्या मारल्या होत्या. तिसऱ्या पानावर नाव नव्हतं आणि फुलीही नव्हती. वय एकतीस, पुणे, नवऱ्यापासून वेगळी, एक मुलगी तिसरीत, भाड्याची खोली, काम शिवणाचं.

“फोनवर सर्वे भरते मी,” निकिता म्हणाली. “साबण कुठला वापरता, टीव्ही कुठला, असलं इचारत्यात. त्याचे पैसे देत्यात. कळंबची बाई म्हणलं की पात्र न्हाई म्हणून हाकलत्यात. मग दुसरी बाई व्हावं लागतं.”

“तुझं वय एकतीस हाय. आपली अक्षदा तिसरीत हाय.”

“सगळंच खोटं सांगितलं तर ध्यानात ऱ्हात न्हाई. मधीच वय इचारत्यात, लेकरं इचारत्यात. थोडं खरं ठेवावं लागतं.”

“मग हिला का खोडली न्हाईस?”

“ती चालतीय अजून.”

कुलदीप कळंबच्या एका आडत दुकानात मुनीम होता. सोयाबीन कोरडं आहे असं शेतकऱ्यानं शपथेवर सांगितलं तरी हा दाणा दाताखाली धरल्याशिवाय मान हलवायचा नाही. संशय हा त्याच्या पोटापाण्याचा भाग होता. तो घरी घेऊन जाऊ नये, हे मात्र त्याला कुणी सांगितलं नव्हतं. निकिता शिवणक्लासला शिकवायला जायची, ते त्यानं बंद केलं होतं, कारण क्लासवालीचा भाऊ तिथं चहाला यायचा. रोज संध्याकाळी जेवणाआधी तो तिच्या फोनमधले कॉल बघायचा. बायको एक दिवस हातची जाईल, ही भीती लग्नापासून त्याच्या मानगुटीवर बसली होती. आता वहीत ती भीती स्वच्छ अक्षरात लिहिलेली सापडली होती.

दुसऱ्या दिवशी तो आसिफच्या मोबाइल दुकानात गेला.

“सर्वेत किती मिळतंय रे?”

“खरं सांगू का कुलदीपभाऊ? लई घासलं तर म्हैन्याला दीडशे-दोनशे. रोज हजार मिळत्यात म्हणणारा एक तर अॅप विकतोय, न्हाई तर थापा मारतोय.”

निकितानं महिन्याचे एकशे चौऱ्याहत्तर सांगितले होते. आकडा जुळत होता, पण जुळणाऱ्या आकड्यावर विश्वास ठेवील तो मुनीम कसला? कुलदीपनं तेच अॅप स्वतःच्या फोनमध्ये घेतलं.

पहिल्याच सर्वेनं त्याचा जीव काढला. आपल्या घरात किती माणसं राहतात? त्यानं ‘तीन’ दाबलं. गाव, शिक्षण, कमाई, सगळं खरं भरलं. बारा मिनिटांनी उत्तर आलं : क्षमस्व, आपण पात्र नाही. असं पाच वेळा झालं. सहाव्या वेळी कुलदीप ठाण्याचा डॉक्टर झाला आणि सात रुपये मिळाले.

मग त्याला चटकच लागली. दुकानात तूर मोजताना फोन, जेवताना फोन. त्या आठवड्यात निकिताचे कॉल बघायचे राहूनच गेले.

“शिवणाचं मशीन दुरुस्तीला टाकते,” निकिता बुधवारी म्हणाली. तो “हं” म्हणाला.

गुरुवारी तिनं एक कागद पुढं केला. “अक्षदाच्या शाळेचा अर्ज हाय, सही करा.” त्याचा सर्वे ऐन रंगात आला होता आणि वर कोपऱ्यात सेकंद पळत होते. त्यानं वर न बघता सही केली. ती कागद घडी घालून घेऊन गेली.

शनिवारी हिशोब झाला. आठ दिवसांत अडतीस रुपये, तेही शंभर झाल्याशिवाय काढता येत नव्हते. कुलदीप गल्ल्याशेजारी एकटाच हसला. म्हणजे बाई खरं बोलत होती! सगळ्या बायका खोट्या होत्या, रेवती खोटी, कुत्रीवाली खोटी, तिसरीही खोटी. त्याला चक्क लाज वाटली. किती वर्षांनी छातीवरचा दगड उतरला होता. त्यानं येताना पाव किलो कुंथलगिरीचा पेढा घेतला.

दाराला कुलूप होतं. शेजारच्या गुलबानोचाचीनं किल्ली दिली.

“अक्षदाच्या शाळेचं काम हाय म्हणली. दुपारीच गेल्या दोघी.”

शाळा शनिवारी दुपारी कुठं उघडी असते, हे त्याच्या मनात आलं, पण त्यानं तो विचार झटकला. आज संशय घ्यायचा नाही, असं त्यानं ठरवूनच टाकलं होतं. किल्ली फिरवता फिरवता फोन वाजला. आपल्या घरात किती माणसं राहतात? त्यानं ‘तीन’ दाबलं आणि आत आला.

मशीन अजून दुरुस्तीवरून आलं नव्हतं. वही फळीवर होती. त्या दोघी येईपर्यंत आपला ठाण्याचा डॉक्टर चौथ्या पानावर लिहून ठेवावा आणि निकिताला हसवावं, म्हणून त्यानं पेन काढलं.

पहिल्या पानावर रेवती होती. दुसऱ्यावर कुत्रीवाली बाई होती. तिसरं पान मुळापासून फाडून नेलं होतं.