बोलल्याचालल्याची माफी

"अवं, बोलल्याचालल्याचं माफ कर मले," पुंडलिकराव बायकोच्या खाटेशी हात जोडून म्हणाले. महागावचे सरपंच, आणि बायकोपुढं हात जोडतात! घरात दाटीवाटीनं बसलेल्या बायांनी पदर डोळ्यांना लावले.

वच्छलाबाईंनी तोंड भिंतीकडं फिरवलं. जोड आणखी, त्या मनात म्हणाल्या.

मागच्या साली नागपुरात त्यांच्या छातीतली कॅन्सरची गाठ काढली होती. बासष्ट सालच्या दिवाळीनंतर बरगड्या ठणकू लागल्या. नवऱ्याचा मार अंगवळणी पडलेला, त्यामुळं कशानं दुखतं ते त्यांनाही उमगेना. यवतमाळच्या डॉक्टरांनी फोटो काढला, बरगड्यांवरचे डाग पाहिले आणि सांगितलं, कॅन्सर हाडात उतरला. बाईंनी खाट धरली, अन्न सोडलं. मरायचं तर होतंच, पण माफी न देता मरायचं. वीस वर्षांच्या लाथाबुक्क्यांचा दुसरा सूड त्यांच्या हाती नव्हता. दुखावल्या मनानं गेलेली सवाष्ण घराभोवती घुटमळते, असं गाव मानायचं, आणि सरपंच गावाहून भित्रे.

ओटी भरायला आलेली धाकटी जाऊ सत्यशीला कानाशी लागली. "जाऊबाई, तुमच्या पोरीचं लगन व्हायचं हाये. तिच्यासाठी तरी म्हणा."

पोरीचं नाव निघालं आणि बाई हरल्या. "केलं माफ," त्या कशाबशा म्हणाल्या. पुंडलिकरावांनी सुटकेचा श्वास टाकला आणि सगळ्यांसाठी चहा ठेवायला सांगितला. बाईंच्या अंगाची मात्र लाही लाही झाली.

चहा उकळतो न उकळतो तोच त्यांचा भाऊ फकिरा दारात आला. गाठ काढणाऱ्या डॉक्टरांना फोटो दाखवायला तो नागपूरला गेला होता.

"अक्का, कॅन्सर नाही," तो धापा टाकत म्हणाला. "ह्या मोडून भरून आलेल्या बरगड्या हायेत म्हणते डॉक्टर. डाग त्याचेच. तू पडली होती, हे यवतमाळात काहून नाही सांगतलं कोणी?"

यवतमाळच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, कुठं मार लागला होता का? विचारलं होतं नवऱ्याला, कारण बाईचं दुखणं नवऱ्यानं सांगायची रीत. "नाही जी, कधीच नाही," पुंडलिकराव झटक्यात म्हणाले होते. आणि त्या एका उत्तरावर बाई मरणाला टेकल्या होत्या.

वच्छलाबाई खाटेवर उठून बसल्या.

"मी पडली नाही रे, फकिरा. यायनं लाथेनं मोडल्या," त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या.

पुंडलिकरावांचं तोंड उतरलं.

"अवं, आत्ताच तं माफ केलं ना तू?"

"ते मरणाऱ्या बाईनं केलतं," वच्छलाबाई म्हणाल्या. "मले तं आता लय वर्सं तुमच्यासंगं राह्यचं हाये."