हार्डडिस्क गेली म्हणे

“काकू, हार्डडिस्क गेली. सगळा डेटा करप्ट आहे. फॉरमॅट मारतो,” म्हणत दुरुस्तीच्या दुकानातल्या इंजिनियरनं आपली स्क्रीन वळवली. काकूंच्या घरच्या बंद पडलेल्या कॉम्प्युटरमधली डिस्क त्यानं स्वतःच्या मशीनला जोडली होती. तिथे इंग्रजी अक्षरं, आकडे, कंस आणि टिंबं यांचा नुसता काला झाला होता.

प्रमिला कांबळी काउंटरवरून स्क्रीनकडे वाकल्या. छापखान्यात टायपिस्ट म्हणून त्यांची हयात गेली होती. निवृत्तीनंतर अकरा वर्षं खपून त्यांनी खाडीकाठच्या आपल्या बोलीचा कोश केला होता. तो सगळा या एका डिस्कवर होता.

“खबरदार हात लावशील तर!” त्या कडाडल्या. चष्मा पुसून त्यांनी कीबोर्डवर ठेवावीत तशी दहाही बोटं काउंटरवर ठेवली. स्क्रीनवरच्या एकेका चिन्हाची कळ त्या लाकडावरच दाबू लागल्या. डोळ्यांना उमजत नव्हतं ते बोटांना उमजलं.

“सु... क... ती. सुकती, म्हणजे ओहोटी.”

“यात कुठं काय लिहिलंय, काकू?”

“चांगलं मराठीत लिहिलंय. आमच्या छापखान्यातल्या जुन्या फॉन्टमध्ये. तो फॉन्ट तुझ्या मशीनमध्ये नाही म्हणून नुसत्या इंग्रजी कळा दिसतात, आणि हार्डडिस्क माझी गेली होय रे?” त्यांनी पर्समधून फॉन्टची सीडी काढून त्याच्यापुढे आपटली. “आपल्याला वाचता येत नाही ते मेलं, असं कुणी शिकवलं तुला?”