चौथी पारख

पारखीबाईंनी फुलदाणी उलटी केली, तळाशी भिंग धरलं, आणि ही नकली आहे हे त्यांना तिथेच कळलं.

तळावर ओरखडे होते, पण सगळे एकाच दिशेचे. साठ वर्षं फडताळात इकडून तिकडे सरकलेल्या काचेला असे शिस्तीत ओरखडे पडत नाहीत. हे कुणीतरी पॉलिशपेपर घासून पाडले होते. खऱ्या फुलदाणीत पिवळ्या काचेवर तपकिरी काचेचा दुसरा पदर असतो आणि तो कोरून झाडं काढलेली असतात. इथली झाडं नुसती रंगवलेली. फांदीवरून नख फिरवलं तर नखाला काही लागलंच नाही.

त्या एका संग्राहकाच्या वतीने आल्या होत्या. त्यांनी हो म्हटलं की तो घेणार, नाही म्हटलं की नाही. म्हणजे काम पाच मिनिटांचं. नकली म्हणून सांगायचं आणि जिना उतरायचा.

समोरच्या खुर्चीत निवृत्त हेडमास्तर बसले होते. सदऱ्याची इस्त्री कडक, आवाज मऊ. खुर्चीमागे त्यांची बायको उभी होती.

"माझ्या आईची आहे," मास्तर म्हणाले. "सावकाश बघा, घाई नाही. हिच्या हातून पूर्वी फार फुटायचं. आता नाही फुटत. काय गं?"

"नाही फुटत," बायको म्हणाली.

आतल्या खोलीत फोन वाजला. मास्तर उठून गेले. बायको चहाचा कप उचलायच्या निमित्ताने टेबलापाशी आली आणि कपाकडे बघतच बोलली.

"ताई, खरी माझ्या हातून फुटली. आठ वर्षं झाली. हे बाहेरगावी होते तेव्हा. ही मी शोधून आणून ठेवली. ह्यांना माहीत नाही."

बायकोने डावा हात टेबलावर ठेवला. करंगळी मधल्या पेरात वाकडी जुळलेली होती.

"ही बशीपायी," ती म्हणाली. "नुसती बशी होती, ताई."

आत मास्तर फोनवर कुणाशी तरी खळखळून हसत होते.

सव्वीस वर्षांच्या धंद्यात व्यापाऱ्यांनी पारखीबाईंना दम दिला होता, गोड बोलून पाहिलं होतं. त्या कधी बधल्या नव्हत्या. नकलीला नकली म्हणताना त्यांची जीभ कधी अडखळली नव्हती. आज अडखळली. खरं सांगावं तर या बाईचं काय होईल, आणि खोटं सांगावं तर ज्याने विश्वासाने पाठवलं त्याच्या गळ्यात हे रंगवलेलं भांडं. इकडे आड, तिकडे विहीर.

सपातांचा आवाज आला. बायको खुर्चीमागे गेलीसुद्धा.

"काय ठरलं मग?" मास्तर बसले.

"सुरेख आहे," पारखीबाई म्हणाल्या. "पण आमच्या माणसाला निळ्यातली हवी आहे. ही पिवळी त्यांना चालायची नाही."

"ते राहू दे. खरी आहे ना?"

"जी वस्तू घ्यायची नाही, तिच्यावर मी मत देत नाही. माझा नियम आहे."

असा काही नियम नव्हता. तो त्याच क्षणी जन्मला होता. त्यांनी भिंग पिशवीत टाकलं. मास्तर हसले. खुर्चीमागे कुणीतरी श्वास सोडला.

मास्तर त्यांना पोचवायला खाली आले. शेवटच्या पायरीवर थांबून त्यांनी सिगरेट पेटवली.

"तुम्ही चौथ्या," ते म्हणाले. "आधीचे तिघंही असंच काहीबाही सांगून गेले. एकाला आकार पसंत नाही. एकाला जागा नाही. तिसऱ्याला तर घेरीच आली. हिचं तोंड बघितलं की सगळे विरघळतात."

पारखीबाईंना क्षणभर उमगेना. मग उमगलं.

"तुम्हाला माहीत आहे?"

"आईची फुलदाणी मला कळणार नाही होय? आलो त्याच आठवड्यात कळलं."

"मग माणसं कशाला बोलावता?"

मास्तरांनी राख झटकली. "वर्षा-दोन वर्षांनी एखाद्याला बोलावतो. त्यानंतर महिनाभर घर कसं शांत असतं."

फाटक दहा पावलांवर होतं. पलीकडे रस्ता, माणसं, रिक्षा. पारखीबाईंचे पाय फाटकाकडेच ओढ घेत होते.

"माझं भिंग वर राहिलं," त्या म्हणाल्या आणि वळल्या. पिशवीतलं भिंग प्रत्येक पायरीला मांडीवर आपटत होतं. मास्तर मागे आले नाहीत, पण त्यांची नजर पाठीवर होती.

बायकोने दार उघडलं. हातात फुलदाणी आणि पुसायचं फडकं.

"ताई? काय राहिलं?"

"त्यांना माहीत आहे," पारखीबाई एका दमात म्हणाल्या. थांबल्या असत्या तर बोलणं झालंच नसतं. "पहिल्यापासून. विकायची नाहीच आहे. तुम्ही भ्यावं म्हणून माणसं बोलावतात."

फुलदाणी बायकोने टेबलावर ठेवली, कडेपासून किती आत हे न बघता. फडकं त्यावर टाकलं. आत जाऊन पर्स घेऊन आली आणि चपला पायात सरकवल्या.

खाली जिन्यावर पावलं वाजू लागली. सावकाश, एकेक पायरी.

पारखीबाईंनी कठडा घट्ट धरला. "वर येताहेत," त्या पुटपुटल्या.

"येऊ दे त्याला," बायको म्हणाली. "तुम्ही माझ्या मागे राहा."