उजवे इंजिन

“भोक पाडायचं नाय,” म्हणत रावजींनी ड्रिलची पिन भिंतीतून उपटली.

भरतच्या हातातले यंत्र घरघरत थांबले. पडवीत दोन हात लांबीचे कॅनबेरा विमान उभे होते. एकाहत्तरच्या युद्धात खरे विमान शत्रूच्या तळावर बॉम्ब टाकून एकाच इंजिनावर परतले होते. त्या वेळी एकवीस वर्षांचे रावजी त्याच विमानाचे फिटर होते. आता चार महिने खपून त्यांनी शिवणीच्या लाकडातून त्याची प्रतिकृती घडवली होती. उद्या ती पोलादपूरच्या शाळेत बसायची होती. अनावरणाला पुण्याहून वैमानिकाची मुलगी येणार होती.

फलक तयार होता : ‘शत्रूच्या गोळ्याने उजवे इंजिन निकामी होऊनही सुखरूप परतलेले विमान.’ म्हणून मुख्याध्यापिका तेजश्रीबाईंना त्या इंजिनावर भोक हवे होते. फलकाला रावजींनी एका शब्दाने हरकत घेतली नव्हती. भोकाला मात्र महिनाभर नकार होता, आणि कारण ते सांगत नव्हते. भरत रजा टाकून मुंबईहून आला होता. दुसऱ्या दिवसापासून बापलेक एका वेळी जेवायला बसेनासे झाले.

“बाईंना मी शब्द दिलाय,” भरत म्हणाला. “ज्यांना त्या उड्डाणाचं पदक मिळालं, त्यांच्या मुलीला काय धडधाकट इंजिन दाखवायचं?”

“विमान माझं हाय. न्यायचं तर असंच न्या.”

“तुमचं? उडवलं त्यांनी. गोळा झेलला त्यांनी. तुम्ही खाली जमिनीवर. आणि गावात मिरवता असं, जसं काय तुम्हीच गेला होतात.”

रावजींनी कधी मिरवले नव्हते. भरतलाही ते ठाऊक होते. पण बोललेला शब्द मागे घेण्याची रीत त्या घरात नव्हती. त्याने पिन पुन्हा खोचली आणि ड्रिलचे टोक इंजिनाला टेकवले. रावजींनी मध्ये तळहात घातला. भरतने खटका दाबला नाही, पण ड्रिल मागेही घेतले नाही.

“आबा, हात काढा.”

“गोळा लागलाच नव्हता,” रावजी म्हणाले. “हत्यारं मोजून मंग पेटी लावायची असते. त्या दिशी मी नाय मोजली. पाना इंजिनात ऱ्हायला.”

भरतने ड्रिल खाली ठेवले. बापाकडे पाहणे त्याला जमेना.

“मग सरकारी कागदात गोळा कुठून आला?”

“इंजिन थंड झाल्यावर विमान उडवून आणलेल्या सायबांनीच त्याच्या तोंडात हात घातला. वाकडा झालेला पाना काढून माझ्या खिशात टाकला. नि मंग आत जाऊन गोळा लिवला.”