तिसऱ्या भोकाची जागा
दारव्ह्यातल्या आपल्या मोबाइल दुकानात रोशन नव्या फोनचं कव्हर उलटसुलट करून बघत होता. फोन बाजारात यायला महिना होता, पण कव्हर पार्सलमधून आधीच येऊन पडलं होतं. मागं दोन भोकं कॅमेऱ्यांची होती. तिसरं, रुपयाएवढं, कशाचं हे कुणालाच उमगेना. रोशननं दुकानाच्या चॅनेलसाठी काढलेल्या व्हिडिओत मिशीला पीळ देत ठोकून दिलं, “टॉर्च राहीन. चुकलो त मिशी उतरवतो!” चार्जर घ्यायला आलेल्या बंजारा तांड्यावरच्या बसंतीबाईनं ओढणीवर शिवायचा आरसा काढून त्या भोकात ठेवला. “हे जागा आरशाची हाय, बाबू.” अख्खं दुकान खदखदून हसलं. महिन्यानं फोन आला. त्या भोकातून सेल्फीसाठी स्वतःचं तोंड दाखवणारा चिमुकला गोल पडदा चमकला. बसंतीबाईनंच फोन समोर धरला आणि त्यात बघत रोशननं वस्तरा चालवला. “हलू नको बाबू, डाव्या बाजूले अजून चार केस राह्यले!”