मागच्या पेशंटची ॲलर्जी

वीजकेंद्राच्या वसाहतीतल्या दवाखान्यात खैरुनबी इंजेक्शनसाठी बसल्या होत्या. नर्स नंदिनीने पेनिसिलिन भरलं आणि संगणकाकडे पाहिलं. पडद्यावर नाव खैरुनबींचं होतं, पण वय सहा वर्षं आणि ॲलर्जी ‘नाही’, हे आधीच्या पोराचं. तिथंच बसलेला प्रोग्रामर फैज वैतागला. “देवरावभाऊ, लॉगआऊट काऊन नाई केलं? त्याशिवाय माझ्या जावा प्रोग्राममधी जुन्या पेशंटची माहिती मरतच नाई!” संगणक ऑपरेटर देवराव पूर्वी केंद्राच्या बॉयलरवर होते. “चालू युनिट आमी बंद नाई करत.” “हा बॉयलर नाई!” फैज म्हणाला. नंदिनीने सिरिंज दाखवली. “मी दर पेशंटले नवी सुई घेते. तुमचा प्रोग्राम नवा फॉर्म काऊन नाई घेत?” “कोडच्या दोन ओळी बदलतो, थांबा,” फैज कुरकुरला. तिघंही पडद्याकडे पाहत राहिले. खैरुनबी शेवटी उसळल्या. “मशीनले काऊन विचारता? मी इथीच बसून आहो ना! पेनिसिलिन मले चालत नाई.”